हातातलं आधी संपवा

फौंड्रीच्या शॉप फ्लोअरवर अर्धवट राहिलेलं काम लपत नाही. मोल्डिंग जोरात झालं आणि फेटलिंगला माणसं कमी पडली, की कास्टिंगचे ढीग वाटेत येतात. ट्रॉली अडते, सुपरवायझरची चिडचिड होते आणि संध्याकाळच्या आत कोणीतरी विचारतंच, ‘हा माल इथे का पडलाय?’ त्याच कंपनीच्या ऑफिसात नव्या मोल्डिंग लाइनचा प्रस्ताव एका सहीसाठी सात आठवडे पडून असतो. ईआरपी ही नवी संगणकप्रणाली बसवण्याचं काम खरेदी विभागाच्या एका निर्णयापाशी अडलेलं असतं. परदेशी ग्राहकाला पाठवायचे नमुने तपासणी अहवालाची वाट पाहत असतात. यातलं काहीही कोणाच्या वाटेत येत नाही. महिन्याच्या रिव्ह्यूत प्रत्येक ओळीपुढे ‘काम चालू’ असा शेरा पडतो आणि मीटिंग पुढच्या विषयाकडे वळते.

नवा कारखाना, नवं उत्पादन, नवी बाजारपेठ, सगळी संगणकप्रणाली बदलणं अशी दहा-वीस मोठी कामं कुठल्याही बऱ्यापैकी कंपनीत एकाच वेळी चाललेली असतात. ती रखडतात तेव्हा दोष माणसांच्या आळसाला दिला जातो. प्रत्यक्षात माणसं रात्री आठपर्यंत राबत असतात. कामाचा मोठा काळ मात्र वाट पाहण्यात जातो: सहीची, माहितीची, दुसऱ्या विभागातल्या त्या एकाच माणसाची. हे वाट पाहणं दिसावं म्हणून गेल्या सत्तर वर्षांत एक साधं साधन घडत गेलं. भिंतीवर रकाने आखायचे, प्रत्येक कामाचं एक कार्ड करायचं आणि काम पुढे गेलं की कार्ड पुढच्या रकान्यात सरकवायचं. आज हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांपासून चाकण-वाळूजच्या कारखान्यांपर्यंत असा फळा भिंतीवर नाहीतर स्क्रीनवर सर्रास दिसतो.

तरीही कामं रखडतात, कारण या साधनाचा सोपा तेवढा अर्धा भाग आपण उचलला. रकाने आले, रंगीत कार्डं आली. एका वेळी किती कामं हातात घ्यायची याची मर्यादा मात्र आली नाही. ती नसेल तर फळा फक्त गर्दीची नोंद ठेवतो. आणि ती मर्यादा कंपनीतल्या सर्वांत वरच्या माणसांनी स्वतःवर घालून घ्यावी लागते. हे कसं आणि का, ते समजून घ्यायला जपानपासून सुरुवात करावी लागेल.

कार्डाशिवाय काम नाही

1950 साली टोयोटा बुडण्याच्या बेतात होती. माल खपत नव्हता, बँकांनी अटी घातल्या होत्या, कामगार संपावर होते आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांना अध्यक्षपद सोडावं लागलं. त्याच वर्षी त्यांचे चुलतभाऊ एइजी टोयोडा अमेरिकेत फोर्डचा रूज कारखाना पाहायला गेले. स्थापनेपासूनच्या तेरा वर्षांत टोयोटाने सगळ्या मिळून 2,685 प्रवासी मोटारी बांधल्या होत्या, तर रूजमधून एका दिवसात 7,000 बाहेर पडत होत्या. फोर्डसारखं प्रचंड उत्पादन करून गोदामं भरायला टोयोटाकडे पैसा नव्हता, जागा नव्हती आणि तेवढं गिऱ्हाईकही नव्हतं.

टोयोटाच्या मशीन शॉपची जबाबदारी तेव्हा ताइची ओनो यांच्याकडे होती. ओनो 1932 साली टोयोडा घराण्याच्या सूतगिरणीत लागले आणि 1943 मध्ये मोटार कंपनीत आले. अमेरिकेतल्या सुपरमार्केटची रीत त्यांच्या कानावर आली होती: गिऱ्हाईक फळीवरून हवं तेवढं उचलतं आणि जेवढं उचललं गेलं तेवढंच पुन्हा भरलं जातं. ओनोंनी हीच रीत मशीन शॉपला लावली. पुढच्या विभागाने गिऱ्हाइकासारखं येऊन मागच्या विभागाकडून लागेल तेवढं न्यायचं आणि मागच्याने नेलं तेवढंच पुन्हा बनवायचं. 1953 च्या सुमारास मशीन शॉपमध्ये हे चालू झालं. सुपरमार्केट त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं ते त्यानंतर, 1956 च्या अमेरिका दौऱ्यात.

निरोप पोचवायला त्यांनी वापरलं ते कानबान, म्हणजे प्लास्टिकच्या पाकिटातला एक आयताकृती कागद. त्यावर भागाचं नाव, क्रमांक, एका बिनमध्ये किती नग, कुठून उचलायचे आणि कुठे पोचवायचे एवढंच लिहिलेलं. बिनमधला माल वापरायला घेतला की कार्ड काढून मागे पाठवायचं. ते हाती आल्यावर मागच्याने कार्डावर लिहिलेत तेवढे नग करायचे, एकही जास्त नाही. कार्ड आलं नाही तर मशीन थांबलेलं चालेल, पण नग करायचा नाही. सदोष नग पुढे पाठवायचा नाही. आणि माल वापरायला घेईपर्यंत कार्ड त्याच्याबरोबर राहायला हवं.

खरी गोम कार्डांच्या संख्येत आहे. एका भागाची दहा कार्डं फिरत असतील आणि प्रत्येकावर 20 नग लिहिले असतील, तर त्या भागाचा साठा 200 च्या वर जाऊच शकत नाही. त्यासाठी कोणी पहारा द्यायला नको, रोज अहवाल मागवायला नको. मर्यादा कार्डांच्या मोजणीतच बसलेली आहे. मग सगळं सुरळीत चाललं की एक कार्ड काढून घ्यायचं. साठा 180 वर येतो आणि लगेच कुठेतरी ओढाताण सुरू होते. कळतं, की अमुक प्रेसची डाय बदलायला फार वेळ लागतो, तमुक मशीन आठवड्यातून दोनदा बंद पडतं. ती दुखणी आधीही होती, फक्त साठ्याने झाकलेली होती. ती दूर करायची आणि मग पुढचं कार्ड काढायचं.

संपूर्ण कंपनीत कानबान लागू व्हायला 1962 साल उजाडलं. एका विभागापासून सगळ्या कंपनीपर्यंत जायला जवळपास दहा वर्षं लागली. तिमाहीच्या सुरुवातीला फळा लावून तिमाहीच्या शेवटी निकाल मागणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवायला हवा.

दोन खोल्या

मोटारीचा भाग बिनमध्ये मोजता येतो. नव्या मोटारीची कल्पना, तिचा आराखडा, तिच्या हजारो निर्णयांची साखळी कशी मोजायची? मोठ्या उपक्रमांचा प्रश्न इथे सुरू होतो. त्यावर विसाव्या शतकाने दिलेली दोन उत्तरं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत, कारण दोन्ही उत्तरांमध्ये एक खोली आहे आणि तिच्या भिंती तक्त्यांनी भरलेल्या आहेत.

पहिली खोली वॉशिंग्टनमधली. 1955 साली अमेरिकन नौदलाने पाणबुडीतून अण्वस्त्र डागण्याच्या पोलारिस प्रकल्पासाठी खास कार्यालय उघडलं. रिअर ॲडमिरल विल्यम रेबर्न त्याचे प्रमुख होते. कामाला शेकडो ठेकेदार जुंपलेले. 1958 मध्ये बूझ ॲलन हॅमिल्टन या सल्लागार कंपनीच्या आणि लॉकहीडच्या मदतीने पर्ट हे तंत्र तयार झालं. प्रत्येक काम कुठल्या कामावर अवलंबून आहे याचं जाळं काढायचं आणि त्यावरून सर्वांत लांब वाट शोधायची. कार्यालयात एक व्यवस्थापन कक्ष होता, तिथे रंगीत तक्ते लावून दर आठवड्याला आढावा होई. जुलै 1960 मध्ये पाण्याखालून क्षेपणास्त्र डागलं गेलं. ठरल्या मुदतीच्या बरंच आधी काम झालं आणि पर्टचा जगभर डंका वाजला.

1972 साली हार्वी सॅपोल्स्की या अभ्यासकाने पोलारिसवर पुस्तक लिहिलं आणि वेगळीच बाजू पुढे आणली. प्रत्यक्ष तांत्रिक काम करणाऱ्यांनी या तंत्रांचा वापर बेताचाच केला होता. तक्त्यांचा मोठा उपयोग झाला तो बाहेरच्यांसाठी. इथला कारभार आधुनिक आणि चोख आहे असा संसदेचा आणि वरिष्ठांचा विश्वास बसला, त्यामुळे प्रकल्पात कोणी फारशी ढवळाढवळ केली नाही. संरक्षण मिळालं, पैसा मिळाला, वेळ मिळाला. याही गोष्टी मोलाच्या आहेत. पण त्या खोलीतले तक्ते काम पुढे सरकवत नव्हते. काम पुढे सरकत होतं ते जाणत्या तंत्रज्ञांमुळे आणि एका ध्येयामागे ठामपणे उभ्या राहिलेल्या नेतृत्वामुळे.

दुसरी खोली टोयोटाची. 1993 मध्ये कंपनीत एकविसाव्या शतकाच्या मोटारीचा विचार सुरू झाला, प्रकल्पाचं नाव जी-21. ताकेशी उचियामादा यांना मुख्य अभियंता नेमलं गेलं. त्यांनी त्याआधी एकाही मोटारीचं मुख्य अभियंतापद सांभाळलं नव्हतं. उद्दिष्ट होतं इंधनाची कार्यक्षमता दीडपट करण्याचं. वरिष्ठांनी ते दुप्पट केलं आणि मग पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड देण्यावाचून मार्ग उरला नाही. अशी गाडी मोठ्या संख्येने बनवण्याचा अनुभव कोणाकडेच नव्हता. 1995 मध्ये अध्यक्ष झालेल्या हिरोशी ओकुदा यांनी मुदतही अलीकडे ओढली: गाडी 1997 च्या अखेरीस बाजारात हवी.

टोयोटाच्या जुन्या रिवाजाप्रमाणे मुख्य अभियंता विभागाविभागांत फिरून, तिथल्या जाणत्यांशी बोलून निर्णय घेई. इंजिन, बॅटरी, इलेक्ट्रॉनिक्स, बॉडी, उत्पादन या सगळ्यांच्या सीमेवरचे प्रश्न रोज उगवत असताना ही पद्धत पुरणार नव्हती, आणि प्रत्येक विषयातलं स्वतःला कळतं असं उचियामादांनाही वाटत नव्हतं. त्यांनी एक मोठी खोली घेतली. ओबेया हे तिचं नाव पुढे जगभर गेलं. निरनिराळ्या विभागांचे निर्णय घेऊ शकणारे अभियंते तिथे वारंवार एकत्र बसू लागले. भिंतींवर वेळापत्रकं, आराखडे, अडचणी, कोणत्या प्रश्नावर कोण काम करतंय, सगळं मांडलेलं. एका विभागाच्या बदलाने दुसऱ्याचं काय बिघडतंय ते तिथल्या तिथे समोर येई आणि बऱ्याच वेळा तिथेच निकालात निघे. पहिली चाचणी गाडी तयार झाली तेव्हा ती कित्येक आठवडे जागची हललीसुद्धा नाही. दोष नेमका कुठे आहे ते शोधण्यातच महिन्याहून अधिक काळ गेला. तरी डिसेंबर 1997 मध्ये प्रियस जपानच्या बाजारात आली.

दोन्ही खोल्यांच्या भिंतींवर कागद होते, दोन्ही प्रकल्प यशस्वी झाले. फरक कागदासमोर कोण उभं होतं यात आहे. पोलारिसच्या कक्षात काम पाहायला आलेली माणसं बसत. ओबेयात काम करणारी माणसं होती, आणि समोर दिसलेली अडचण सोडवण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. आपल्याकडचा कुठलाही फळा या कसोटीवर घासून पाहता येतो. ग्राहकाचं ऑडिट येणार म्हटल्यावर आदल्या दिवशी जो फळा घाईघाईने भरला जातो, तो पहिल्या खोलीतला. सकाळी नऊला ज्याच्यासमोर उभं राहून ‘हे काम आज मी मोकळं करतो’ असं कोणी म्हणतं, तो दुसऱ्या खोलीतला.

हैदराबादची सहा माणसं

कारखान्यातलं कार्ड संगणकाच्या कामात आलं त्याचा एक महत्त्वाचा अध्याय भारतात घडला. 2004 साली मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या डेव्हिड अँडरसन यांच्याकडे कंपनीतल्याच एका गटाचा प्रश्न आला. कंपनीच्या अंतर्गत वापराच्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती-देखभाल हे त्या गटाचं काम. व्यवस्थापक अमेरिकेत रेडमंडला आणि काम करणारी माणसं हैदराबादेत, एका कंत्राटी कंपनीत: तीन प्रोग्रॅमर, तीन टेस्टर. 80 हून अधिक मागण्या तुंबल्या होत्या आणि येणाऱ्यांचा वेग संपणाऱ्यांपेक्षा जास्त होता. एक मागणी पूर्ण व्हायला सरासरी पाच महिने लागत. त्या गटाच्या सेवेबद्दल कंपनीत मोठी नाराजी होती.

अँडरसन आणि तिथले व्यवस्थापक यांनी काम कसं वाहतं ते तपासलं. तेव्हा दिसलं, की प्रत्येक नवी मागणी आली की हातातलं काम बाजूला ठेवून तिचा अंदाज द्यावा लागतो: किती वेळ लागेल, किती खर्च येईल. हा अंदाज 48 तासांत द्यायचा दंडक होता. एकेका अंदाजाला प्रोग्रॅमर आणि टेस्टर दोघांचाही जवळपास दिवस जाई. गटाच्या ताकदीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त वाटा यातच खर्ची पडत होता. त्यातल्या कितीतरी मागण्या पुढे कधी हातात घेतल्याच जात नव्हत्या.

त्यांनी अंदाज देणं बंद केलं. एका वेळी हातात किती कामं असतील याला मर्यादा घातली. रांगेत थोडीच जागा ठेवली आणि ती रिकामी झाली की मागणी करणाऱ्या विभागांना एकच प्रश्न विचारायचा: आजपासून 25 दिवसांत तुम्हाला सर्वांत आधी काय हवं आहे? विभागांना हे पटवायला वेळ लागला, कारण प्रत्येकाला आपलं काम ‘सुरू झालंय’ हे ऐकायची सवय होती. काही महिन्यांत एका मागणीला लागणारा काळ पाच महिन्यांवरून साधारण दोन आठवड्यांवर आला आणि पूर्ण होणारी कामं तिपटीवर गेली. पुढे थोडी माणसंही वाढवली, पण सुधारणा त्याआधीच सुरू झाली होती. प्रोग्रॅम लिहिण्याची आणि तपासण्याची पद्धत होती तीच राहिली.

या प्रयोगात भिंतीवर फळा नव्हताच. होती ती मर्यादा. भिंतीवरचा फळा अँडरसन यांच्या कामात ठळकपणे आला तो पुढे सिॲटलच्या कॉर्बिस कंपनीत, 2007 मध्ये. तिथे रंगीत चिठ्ठ्यांच्या फळ्यासमोर एका मोठ्या प्रकल्पातली चाळीसहून अधिक माणसं रोज सकाळी उभी राहत आणि काही मिनिटांत बैठक संपे. हे जमायचं कारण तिथे प्रत्येकाने ‘मी काल काय केलं’ हे सांगायचं नव्हतं. सगळ्यांनी मिळून फळा वाचायचा आणि फक्त अडलेल्या कार्डांवर बोलायचं.

साधं गणित

मर्यादेने वेग का वाढतो, हे सांगणारा नियम अमेरिकन प्राध्यापक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केला. स्थिरपणे चाललेल्या कुठल्याही व्यवस्थेत आत असलेल्या कामांची सरासरी संख्या म्हणजे कामं बाहेर पडण्याचा वेग गुणिले प्रत्येक काम आत घालवतं तो सरासरी काळ. बँकेच्या काउंटरपासून दवाखान्यापर्यंत हा नियम लागू होतो.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक कंपनी मनात उभी करू. तीनशे माणसं, स्वतःची फौंड्री, मशीन शॉप. संचालकांच्या यादीत 18 मोठी कामं आहेत: नवी मोल्डिंग लाइन, ईआरपी, छपरावर सौर ऊर्जा, निर्यातीच्या ग्राहकासाठी चार नवे भाग, आणखी बरंच. गेल्या काही वर्षांचा अनुभव असा, की वर्षाला सहा कामं खऱ्या अर्थाने संपतात. 18 भागिले 6, म्हणजे प्रत्येक कामाला सरासरी तीन वर्षं. कोणाला कितीही ओरडलं तरी हा भागाकार बदलत नाही. तीच माणसं, तोच वेग, पण हातात एका वेळी सहाच कामं ठेवली तर सरासरी एक वर्ष. नवी लाइन सुरू झाल्यावर महिन्याला 20 लाखांचा फायदा देणार असेल, तर ती दोन वर्षं आधी सुरू होण्याची किंमत 4 कोटी 80 लाख होते. एवढा पैसा कुठल्याही ताळेबंदात ‘उशिराचा तोटा’ म्हणून लिहिला जात नाही, त्यामुळे तो कोणाला खुपतही नाही.

प्रत्यक्षात वेगही तोच राहत नाही, तो सुधारतो. कारण या 18 कामांमागे माणसं तीच पाच-सात असतात. मेंटेनन्सचा प्रमुख नव्या लाइनच्या मीटिंगला असतो, सौर ऊर्जेच्या मीटिंगलाही असतो आणि दिवसा ब्रेकडाउनही त्यालाच बघायचे असतात. प्रत्येक कामाकडे परतताना ‘आपण कुठे होतो’ हे नव्याने जुळवावं लागतं. सगळे पूर्ण वेळ गुंतलेले आहेत हे बहुतेक मालकांना समाधानाचं वाटतं. लागून सुट्ट्या आल्या की आदल्या रात्री द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात रस्त्याचा इंच न् इंच वापरात असतो आणि एकही गाडी हलत नाही. माणसांच्या वेळेचं तसंच आहे. थोडी मोकळी जागा ठेवली तरच काम वाहतं.

संचालकांच्या खोलीतला फळा

मग या कंपनीने फळा कसा मांडावा? पहिली गोष्ट, तो खालून सुरू करू नये. टीमच्या पातळीवरचे फळे उपयोगी असतात, पण वरून दर पंधरवड्याला नवं ‘तातडीचं’ काम येत असेल तर खालची मर्यादा आठ दिवसांत मोडते. पहिला फळा संचालक आणि विभागप्रमुख यांचा हवा.

रकाने कंपनीचं काम जसं खरोखर होतं तसे आखावेत. ‘विचारात’, ‘मंजूर, पण अजून सुरू नाही’, ‘तयारी’, ‘अंमलबजावणी’, ‘प्रत्यक्ष वापरात, फायदा तपासतोय’ आणि ‘झालं’. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एक आकडा लिहावा, त्यात जास्तीत जास्त किती कार्डं मावतील याचा. ‘विचारात’ या रकान्यात कितीही असू देत. विचार करायला बंदी नाही. ‘अंमलबजावणी’ समोर चारचा आकडा असेल तर पाचवं कार्ड तिथे जाणार नाही, मग ते खुद्द एमडीसाहेबांचं का असेना. पाचवं काम खरंच तातडीचं असेल तर चारातलं एक उघडपणे मागे न्यायचं, आणि कुठलं ते सगळ्यांसमोर ठरवायचं. आजवर हा निर्णय कोणी घेत नव्हतं असं नाही. तो मेंटेनन्सचा प्रमुख रोज सकाळी मनातल्या मनात, एकट्याने घेत होता. फळ्यामुळे तो जिथे घ्यायला हवा तिथे घेतला जातो.

कार्डावर ‘ईआरपी’ एवढंच लिहिलं तर ते कार्ड दोन वर्षं एकाच रकान्यात पिवळं पडेल. त्याचे तीन-चार महिन्यांत संपतील आणि वापरणाऱ्याला जाणवतील असे तुकडे करावेत: ‘खरेदीची सगळी बिलं नव्या प्रणालीतून’, ‘गोदामाचा साठा आणि प्रणालीतला आकडा रोज जुळतो’. ‘90 टक्के झालं’ हा शेरा फळ्यावर चालवू नये. नव्या भागाच्या कार्डाच्या बाबतीत ‘झालं’ म्हणजे ग्राहकाच्या मंजुरीची सही आली. तिच्या अलीकडचं सगळं अजून चालू आहे.

कार्डावर आणखी दोन खुणा असाव्यात. काम अडलं की लाल चिठ्ठी, तिच्यावर कशासाठी आणि कोणामुळे अडलंय ते, आणि अडल्याची तारीख. दुसरी खूण वयाची: कार्ड ज्या रकान्यात आहे तिथे गेलेल्या प्रत्येक आठवड्याला एक ठिपका. प्रस्तावाच्या कार्डावर सात ठिपके दिसले की सही कोणाची राहिलीय हे विचारावं लागत नाही.

आठवड्यातून एकदा अर्धा तास उभ्यानेच फळा वाचावा, आणि तो ‘झालं’च्या बाजूने मागे वाचत यावा. संपत आलेलं काम आधी, नवं सर्वांत शेवटी. बहुतेक मीटिंगांत उलटं होतं. नव्या कल्पनेवर पाऊण तास जातो आणि जवळजवळ संपलेल्या कामाची अडचण ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून मागे पडते. वाचनाचा क्रम बदलला की हळूहळू विचारांचा क्रमही बदलतो.

काही कामांना फळा पुरत नाही, हेही सांगायला हवं. शेडचा पाया जूनच्या आत भरायचा असेल, परवान्याची मुदत ठरलेली असेल, परदेशातून यंत्र अमुक तारखेला बंदरात येणार असेल, तर वेळापत्रक हवंच. हेन्री गँट यांच्या नावाने ओळखला जाणारा पट्ट्यांचा तक्ता शंभर वर्षं टिकून आहे तो याच कामासाठी. काय व्हायला हवं ते तक्ता सांगतो. आत्ता काय कुठे आहे ते फळा सांगतो. मोठ्या कंपनीला दोन्ही लागतात. पोलारिसपासून आजपर्यंत आपण पहिल्यावर जीव ओतला आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष केलं.

स्क्रीन की भिंत, हा वाद मला तितका मोठा वाटत नाही. टीम पुणे, बंगळुरू आणि टेक्सासमध्ये विखुरलेली असेल तर जिरा, ट्रेलो यांसारख्या सॉफ्टवेअरला पर्याय नाही. पण त्यांत एक धोका आहे. भिंतीवरची जागा संपते, स्क्रीनवरची संपत नाही. सहाशे कार्डांचा फळा सहज तयार होतो आणि तो पूर्ण कोणीच पाहत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मर्यादेचा आकडा टाकायची सोय असते. तो टाकावा आणि ओलांडला तर त्या दिवशीच त्यावर बोलावं.

लाल चिठ्ठी लावणाऱ्याचं काय होतं?

फळा टिकेल की नाही, हे पहिल्या लाल चिठ्ठीच्या दिवशी ठरतं. चिठ्ठी लावणाऱ्याला सगळ्यांसमोर झापलं, तर दुसऱ्या आठवड्यापासून फळा हिरवागार दिसेल आणि कंपनीचा त्याच्याशी संबंध उरणार नाही.

टोयोटाच्या कारखान्यात कोणताही कामगार दोष दिसला की दोरी ओढतो आणि त्याचा टीम लीडर धावत येतो. दोष वेळेत सुटला नाही तर लाइन थांबते. हे फक्त जपानी स्वभावामुळे जमतं, असं अमेरिकेतल्या अनेकांना वाटत होतं. 1984 मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा कारखाना पुन्हा सुरू केला. जनरल मोटर्सने 1982 मध्ये तो बंद केला होता. गैरहजेरी, भांडणं आणि वाईट दर्जा यांसाठी तो कुप्रसिद्ध होता. कामावर घेतलेल्यांपैकी बहुतेक तिथलेच जुने कामगार होते आणि त्यांच्या हातात तीच दोरी दिली गेली. थोड्याच काळात तिथल्या गाड्या दर्जात अमेरिकेतल्या चांगल्या कारखान्यांच्या बरोबरीला आल्या. माणसं बहुतेक तीच होती. अडचण सांगितल्यावर मिळणारी वागणूक बदलली होती.

हा धडा महाराष्ट्रासाठी जवळचा आहे. टोयोटाने 1997 मध्ये किर्लोस्कर समूहाशी भागीदारी केली, पुढे कर्नाटकात बिडदीला कारखाना उभारला आणि जुलै 2024 मध्ये छत्रपती संभाजीनगरला नवा प्रकल्प उभारण्यासाठी महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करार केला. वाहनउद्योगाच्या पुरवठादारांमुळे कानबान, कायझेन (सतत सुधारणा) हे शब्द आपल्या एमआयडीसींमध्ये कधीच रुळले आहेत. सुरक्षितता, दर्जा, खर्च, डिस्पॅच यांचे हिरवे-लाल फळे शॉप फ्लोअरवर आहेत. कामगारांकडून आपण ही शिस्त पाळून घेतली. ऑफिसच्या मजल्यावर, जिथे कोट्यवधींचे निर्णय पडून राहतात, तिथे ती अजून पोचलेली नाही. ऑपरेटरने एक नग जास्त केला तर त्याला विचारणारे आहेत. संचालकांनी एक उपक्रम जास्त सुरू केला तर विचारणारं कोणी नाही.

म्हणून येत्या वर्षाचं नियोजन करायला बसणाऱ्या प्रत्येक मालकाला, संचालकाला आणि विभागप्रमुखाला माझं सांगणं आहे: नव्या वर्षात काय सुरू करायचं याची यादी करण्याआधी हातात काय काय आहे ते भिंतीवर लावा. सगळं, अगदी तीन वर्षांपूर्वी सुरू होऊन विस्मरणात गेलेलंसुद्धा. ते मोजा, वर्षाला किती संपतं त्या आकड्याने भागा आणि जे उत्तर येईल ते तुमच्या ग्राहकाला सांगता येईल का ते पाहा. सांगता येणार नसेल, तर कुठली कामं थांबवायची ते त्याच बैठकीत ठरवा आणि ज्यांची कामं थांबली त्यांना कारणासह स्वतः सांगा. हे करताना जड जाईल, कारण प्रत्येक कामामागे कोणाचा तरी उत्साह असतो. पण मूठभर माणसांवर अठरा कामं लादून तो उत्साह टिकत नाही, तो झिजतो. चार कामं संपलेली पाहिली की पाचव्यासाठी माणसं आपणहून पुढे येतात.